युनायटेड बुडाली, तरी बातमी तिचीच

शनिवारी इंग्लंडच्या वेळेनं दुपारी तीनला सुरू होणारी मॅच माझा धाकटा भाऊ सोलापुरात जेवता जेवता मोबाईलवर बघतो, आणि मी लिव्हरपूलमध्ये त्याच स्टेडियमपासून बसने अर्ध्या तासावर राहून बघू शकत नाही. खोटं वाटेल पण खरंच असं आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायला बंदी आहे. बर्नली क्लबचे बॉब लॉर्ड म्हणून चेअरमन होते, त्यांनी १९६० च्या दशकात सगळ्यांच्या गळी उतरवलं की घरात मोठी मॅच दिसायला लागली तर लोक छोट्या क्लबच्या मैदानावर फिरकणार नाहीत, आणि तो नियम अजून चालूच आहे. त्यामुळं स्कोअर मला सोलापूरहून कळतो. आता सांगणारा मँचेस्टर युनायटेडचा कट्टर, म्हणजे लिव्हरपूलनं गोल केला की फोनवर नुसती शांतता आणि खाल्ला की बोंब.

मी इथं हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आमच्या वॉर्डची टी रूम म्हणजे चार खुर्च्या, एक किटली आणि युनायटेडची निंदा. लोकांना वाटतं इंग्रज हवामानावर बोलतात, बोलतात की, पण ते नंतर. आणि हे भांडण फुटबॉलपेक्षा जुनं आहे बरं का. मँचेस्टरच्या मिलवाल्यांना कापूस लिव्हरपूलच्या बंदरातून घ्यावा लागायचा आणि तिथलं भाडं नि जकात भरून ते वैतागलेले, शेवटी त्यांनी समुद्रापासून थेट आपल्या गावापर्यंत कालवाच खोदला, १८९४ ला तो सुरू झाला. युनायटेडच्या बिल्ल्यावर आजही जे जहाज आहे ते मात्र कालव्याच्याही आधीचं, मँचेस्टर शहराच्या जुन्या चिन्हातलं, व्यापाराचं. मिलच्या गावातून आलेल्या माणसाला ही खुन्नस पटकन समजते.

युनायटेड नेमकी किती घसरली हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ ला तिथं मॅनेजर झाले तेव्हा लिव्हरपूलच्या नावावर १६ लीग, म्हणजे देशातल्या मुख्य स्पर्धेची विजेतेपदं, होत्या आणि युनायटेडच्या ७. २०१३ ला ते रिटायर झाले तेव्हा युनायटेड २०, लिव्हरपूल १८. त्यानंतर युनायटेडनं एकही लीग जिंकलेली नाही. फर्ग्युसनच्या जागी आलेल्या मोयेसना सहा वर्षांचं काँट्रॅक्ट देऊन वर्षाच्या आत काढलं, व्हान गालनी २०१६ ला एफए कप जिंकून दिला आणि लगेच नारळ मिळाला, मग मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम, रांगच लागली. २०२४-२५ च्या सीझनला तर २० टीममध्ये १५ वा नंबर, आणि त्याच वर्षी लिव्हरपूलनं विसावी लीग घेऊन बरोबरी केली. त्या दिवसांत आमच्या टी रूममध्ये केक किती आले विचारू नका.

पण मला गंमत वाटते ती यांच्या हसण्याची. हसायचं कशावर आणि कशावर नाही हे यांचं ठरलेलं असतं. २०२४ च्या मे महिन्यात युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमवर पाऊस पडला आणि छतातून धबधब्यासारखं पाणी खाली आलं, तो व्हिडिओ इथं महिनाभर फिरत होता. पुढच्या वर्षी त्यांनी एक लाख माणसांचं नवीन स्टेडियम जाहीर केलं, वर मोठ्या छत्रीसारखं छत, तर आमच्या वॉर्डातली साठीला आलेली केअर असिस्टंट म्हणाली, बरोबर आहे, गळतीवर आधी छत्रीच घ्यायची. पण त्याच सुमारास बातमी आली की नवे पार्टनर जिम रॅटक्लिफ यांनी आधी अडीचशे लोकांना काढलं होतं, आता आणखी दोनशेपर्यंत जाणार, आणि स्टेडियमवरच्या स्टाफचं कँटीन बंद करून फुकट फळं ठेवणार. तेव्हा त्याच बाईनं सँडविच खाली ठेवलं आणि म्हणाली, ते आपल्यासारखेच आहेत लव्ह, कामाला जाणारे. युनायटेडबद्दल तिच्या तोंडून मी ऐकलेलं एवढं एकच चांगलं वाक्य.

तिचा खरा राग पेपर आणि टीव्हीवर. म्हणते, पंधरावे आले तरी पहिलं पान यांचंच, आम्ही लीग जिंकलो त्या आठवड्यात पण चर्चा यांचा मॅनेजर राहणार का जाणार. टीव्ही लावा, मॅचवर बोलायला बसलेले जुने प्लेयर बघा, गॅरी नेव्हिल युनायटेडचा, रॉय कीन युनायटेडचा, स्कोल्स युनायटेडचा, फर्डिनंड युनायटेडचा, आमचा म्हणाल तर जेमी कॅरॅगर, तो एकटा किती बोलणार. कॅरॅगर एकटा बोलतो तेवढं चौघं मिळून बोलत नाहीत असं माझं मत आहे, पण ते मी टी रूममध्ये मांडत नाही, मला ड्युट्या याच लोकांबरोबर करायच्यात.

आधी मला ही नेहमीची फॅन लोकांची रड वाटायची. आपण नाही का म्हणत, अंपायर त्यांचा, कॉमेंटेटर त्यांचा, तसलं. मग एकदा लंडनहून एका पेशंटचा जावई भेटायला आला आणि त्यानं पलंगाच्या टेबलावर सन पेपर ठेवला. ती केअर असिस्टंट गेली, त्याला चहा विचारला, साखर किती विचारली आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाली, तो पेपर तेवढा बॅगेत ठेवा, इथं बाहेर ठेवत नाहीत. त्याला काही कळेना. पेशंट म्हणजे सासरा, ऑक्सिजन लावलेला, तो मास्क बाजूला करून म्हणाला, ठेव म्हणतात ना आत.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलची मॅच होती, पोलिसांनी गेट उघडून गर्दी आधीच भरलेल्या कठड्यांत सोडली आणि चेंगरून माणसं गेली, आता आकडा ९७ आहे. चार दिवसांनी सननं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं की हेच खरं, फॅन्सनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं. चौकशी समितीनं २०१२ ला ते उघडं पाडलं आणि २०१६ ला ज्युरीनं निकाल दिला की या माणसांचा मृत्यू बेकायदेशीर वागणुकीमुळं झाला, फॅन्सचा काही दोष नाही. मधे २७ वर्षं गेली. या गावात बऱ्याच दुकानांत तो पेपर अजून मिळत नाही, २०१७ पासून क्लबनं त्यांच्या पत्रकारांना आत घेणं पण बंद केलं. त्यामुळं यांनी पेपरवाल्यांना शिव्या दिल्या की मी आता गप्प ऐकते. अर्थात नेव्हिल टीव्हीवर किती वेळ बोलला याचा आणि हिल्सबरोचा काही संबंध नाही, पण इथं तो राग एकाच डब्यातून निघतो.

दिवाळीला सोलापूरला आले तर समोर दुसरी पार्टी तयारच. १९ ऑक्टोबर २०२५, रविवार, लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध युनायटेड, आपल्याकडं रात्री नऊला. भाऊ म्हणाला, अक्का चल, आज शत्रूचा माणूस पण पाहिजे. अशोक चौकाकडं त्याच्या मित्राचं टॉवेलचं गोडाऊन आहे, तिथं दिवाळीच्या सुट्टीमुळं काम बंद, भिंतीवर प्रोजेक्टर, बसायला टॉवेलच्या गाठी आणि मधे एका पेपरवर चकल्या नि शेंगा चटणी. आठ-दहा पोरं, निम्मी घरात तेलुगू बोलणारी, त्यामुळं रेफ्रीला शिव्या दोन भाषांत पडायच्या. एक मिनिट झालं असेल नसेल आणि युनायटेडच्या एम्ब्युमोनं गोल मारला! हाच तो गडी, ऑगस्टमध्ये चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीविरुद्ध शेवटची पेनल्टी बारवर मारून युनायटेडला लीग कपमधून बाहेर काढणारा. आता पोरं गाठींवर उभी राहून नाचत होती, एक गाठ फुटली, मालकाचा पोरगा म्हणाला असू दे बे, नंतर बांधू.

त्या गोलच्या वेळी लिव्हरपूलचा मॅकॲलिस्टर डोक्याला लागून खाली पडलेला होता. मी तेवढं बोलले मात्र, सगळे अंगावर आले. हे बघा आलं लिव्हरपूलचं पेपर! मग सुरू झालं ते मॅच संपली तरी थांबेना. लिव्हरपूलच्या गाकपोनं तीनदा पोस्टला मारला, मग बरोबरी केली, मग युनायटेडच्या मॅग्वायरनं हेडर घातला आणि युनायटेड २-१ नं जिंकली, ॲनफिल्डवर २०१६ नंतर पहिल्यांदा. एवढं होऊन पोरांची तक्रार काय, तर उद्या बघा अक्का, पेपरात येईल लिव्हरपूल कशी हरली, युनायटेड कशी जिंकली ते नाही येणार. ग्रिम्सबीकडून हरलो ते पंधरा दिवस चघळलं. आणि हे टीव्हीवरचे आमचेच जुने प्लेयर, कीन काय नि स्कोल्स काय, घरच्यांनाच खातात, लिव्हरपूलचे लोक बघा कसे झाकून घेतात.

मी म्हणलं अरे तिकडं लोक म्हणतात हे चौघं युनायटेडचे एजंट आहेत. सगळे हसायला लागले, कुणाला खरं वाटेना.

एकजण मात्र इतका वेळ चकली खात गप्प होता, एमआयडीसीत टॉवेल फॅक्टरीत अकाउंट बघतो. तो म्हणाला, मॅनेजर एवढे बदलले, मालक बदलला का? अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानं २००५ ला क्लब घेतला साधारण ७९ कोटी पाउंडला, त्यातलं मोठं कर्ज क्लबच्याच खात्यावर टाकलं, आधी क्लबवर रुपया कर्ज नव्हतं, तेव्हापासून व्याज क्लबच भरतोय, मग छत कुठून दुरुस्त होणार. फॅन्स तेव्हाच ओरडत होते, काहींनी तर त्याच वर्षी वेगळा क्लब काढला. पण बॅलन्सशीटचा फोटो पहिल्या पानावर छापता येत नाही ना, मॅनेजरचा पडलेला चेहरा छापता येतो.

मला आमचे आजोबा आठवले, ते मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मशीनवर होते. मिल बंद पडली तेव्हा गावात कुणी मॅनेजरचं नाव घ्यायचं, कुणी युनियनच्या पुढाऱ्याचं, आणि आजोबा म्हणायचे, साचे बदलले नाहीत त्यांनी वर्षानुवर्षं, त्याचं कुणी लिहिलं का. टी रूममध्ये आणि गोडाऊनमध्ये दोन्हीकडं लोक मोजत बसलेत की पेपर कुणाच्या बाजूचा आहे. माझ्या मते पेपर बाजू घेत नाही, चेहरा बघतो. युनायटेडचे फॅन जगभर, नाव छापलं की क्लिक पडतात, जिंकू दे नाहीतर गटारात जाऊ दे. आपल्याकडच्या क्रीडा पानावर फुटबॉलला चार ओळी असतात, त्यातल्या दोन युनायटेडच्या, ते काय प्रेमानं छापतात का. असो, रात्री दीडला घरी पोचलो आणि पहाटे आईनं उटणं लावायला उठवलं तेव्हा भाऊ आंघोळीच्या पाटावर झोपेतच गोल मोजत होता.

आता परत येऊन बघते तर टी रूमचं चित्र पालटलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूल घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-३ हरली, चार दिवसांनी हॉलंडच्या पीएसव्हीकडून १-४. साडेबारा कोटी पाउंड देऊन इसाक हा स्ट्रायकर आणला, तोवरचा ब्रिटनमधला सगळ्यात महागडा, आणि ज्यांनी सहा महिन्यांपूर्वी लीग जिंकून दिली त्या मॅनेजर स्लॉटना काढा म्हणून पेपरात रोज रकाने. आमची केअर असिस्टंट म्हणते, बघ, लंडनवाल्यांना आम्ही पडायचीच वाट होती. मी म्हणलं, पण युनायटेडच्या वेळी हेच रकाने तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवायचा. म्हणाली, ते वेगळं, ते खरं होतं.

तिकडून भाऊ रोज त्याच हेडलाइनींचे स्क्रीनशॉट पाठवतोय. वरून म्हणतो, अक्का, पुढच्या सीझनला युनायटेड ॲनफिल्डवर येईल तेव्हा मी येतो, दोन तिकिटं काढून ठेव. त्याला वाटतं सोलापूरच्या पार्क स्टेडियमसारखं खिडकीवर जाऊन मागायचं. मेंबरशिप घ्यावी लागते, मग बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव टाकायचं, लागलं तर लागलं. लागलंच तर त्याला लिव्हरपूलवाल्यांच्या मधोमध बसावं लागेल, नव्वद मिनिटं तोंड उघडायचं नाही, ते त्याला जमणार नाही, म्हणून मी अजून मेंबरशिपचे पैसे भरलेले नाहीत.