तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरचा पैसा का नाही घेतला?

कॉलेजात बोलायला गेले की मागच्या बाकावरून येतो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरून येतो. प्रश्न तोच. “एवढी वर्षं झाली, फंडिंग का नाही घेतलंत?” मी स्वातंत्र्य, ग्राहकांशी बांधिलकी असं काहीतरी बोलते. घरी परतताना वाटत राहतं की अर्धंच सांगितलं. आज सगळं सांगते.

मंगल कार्यालयाच्या टेबलावर लाल कापडी बांधणीची एक वही असते. चौकशी झाली की तारखेसमोर नाव पेन्सिलनं पडतं, अ‍ॅडव्हान्स आला की त्यावर पेन फिरतं. कोल्हापुरात २०१४ साली मी ती वही वेबवर नेली. आजही आमच्या स्क्रीनवर तारखेपुढे ‘पेन्सिल’ नाही तर ‘पेन’ एवढंच दिसतं. एका कार्यालयाची वर्षाची वर्गणी ६,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी.

२०१९ च्या जानेवारीत पुण्याहून, नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या एका फंडाचा प्रस्ताव आला. ८० लाख रुपये, बदल्यात २२ टक्के हिस्सा. अटी दोन होत्या. दोन वर्षांत १४० कार्यालयांची ३,००० करायची, आणि वधूवरांकडचे पैसे आमच्यामार्फत घेऊन कार्यालयाला देताना त्यातून आपलं कमिशन कापायचं. त्यांचं गणित मला कळत होतं. असा फंड साधारण दहा वर्षांचा असतो, त्यातल्या बऱ्याच कंपन्या बुडतात आणि दोन-चार कंपन्यांनी सगळ्यांची भरपाई करायची असते. दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढणारं, चार माणसांचं घर चालवणारं काम त्यांच्या लेखी अपयशच. पण ज्या मालकांनी विश्वासानं आपली वही माझ्यापुढे उघडली, त्यांच्याच गल्ल्यात हात घालायचा? चौथ्या दिवशी मी नाही कळवलं. त्या कारणावर मी आजही ठाम आहे.

पण ते एकच कारण नव्हतं. मला भीती वाटत होती. दर महिन्याला कुणापुढे तरी आकडे ठेवायचे, आणि ते कमी भरले तर माझंच काम माझ्या हातून काढून घेतलं जाईल, ही ती भीती. लोकांना मात्र मी एंजल टॅक्सच्या, म्हणजे नव्या कंपनीनं गुंतवणूकदाराकडून वाजवी किमतीपेक्षा जास्त घेतलेल्या पैशावर लागणाऱ्या आयकराच्या, नोटिसांचं कारण सांगायचे, कारण तेव्हा त्या बातम्या रोज येत होत्या. त्या कराचं कलम २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झालं. मी नाही म्हटलं ते त्या कलमामुळे नव्हतंच.

आणि ‘आम्ही स्वतःच्या पैशावर उभे राहिलो’ हे जे मी वर्षानुवर्षं स्टेजवरून सांगितलं, तेही खरं नाही. पुण्यातल्या नोकरीतले ३,८०,००० रुपये माझे होते. ते दीड वर्षात संपले. त्यानंतर घराचा हप्ता नवऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पगारातून गेला आणि मुलीला सासूबाईंनी सांभाळलं. लोक मला शेअर दलालीतल्या झिरोधाचं आणि सॉफ्टवेअरमधल्या झोहोचं उदाहरण देतात. झिरोधा २०१० साली बाहेरचा पैसा न घेता सुरू झाली हे खरं, पण त्याआधीची कितीतरी वर्षं तिचे संस्थापक नितीन कामत शेअर बाजारात होते. झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबूंची कंपनी १९९६ पासून नेटवर्कचं सॉफ्टवेअर विकत होती, झोहोची वेब उत्पादनं त्या कमाईवर पुढे आली. पैसा कुणाचा तरी असतोच. माझ्या बाबतीत तो कुणाचा होता, ते मला फार उशिरा कळलं.

आमचा पहिला सहकारी २०१६ साली ९,००० रुपयांवर आला. सांगली, मिरज, इस्लामपूर, गडहिंग्लज, सगळीकडे मोटारसायकलवर जाऊन त्यानं मालकांना स्क्रीन शिकवली. २०१९ साली त्याला पुण्यात दुप्पट पगाराची नोकरी मिळत होती. मी नुकताच प्रस्ताव नाकारला होता. त्याला म्हणाले, “आपण आपल्या पायावर उभं राहायचं. थांब.” तो थांबला.

बहुतेक कार्यालयं गुढीपाडव्याला वर्गणी भरतात. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता, लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. त्या दिवशी एकही वर्गणी आली नाही. खात्यात १,६२,००० रुपये होते. तिघांचे पगार आणि सर्व्हर मिळून महिन्याचा खर्च ७९,०००. चैत्र-वैशाखाच्या तारखांवरचं पेन एकेक करून पुसलं जाताना मी स्क्रीनवर बघत होते. मालकांना वर्गणीसाठी फोन करायची सोय नव्हती, त्यांच्याच दारात अ‍ॅडव्हान्स परत मागणारे वधूपिते उभे होते.

मे महिन्याच्या अखेरीस मी त्या पहिल्या सहकाऱ्याला बोलावलं. बाकीचे दोघे कोड लिहिणारे. ते गेले तर सॉफ्टवेअरच बंद पडलं असतं. फोन घेणारा माणूस गेला तर फोन मी घेऊ शकत होते. हिशेब बरोबर होता. तो आमच्या इमारतीच्या जिन्यात, तीन पायऱ्या खाली उभा राहिला. लॅपटॉप सॅनिटायझरनं पुसून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. वर एक निळी डायरी. त्यात प्रत्येक कार्यालयाचं एक पान: “दुपारी १ ते ४ फोन नको.” “मालकांना कमी ऐकू येतं, सुनेशी बोलावे.” “आधी आईच्या तब्येतीची चौकशी, मग पैशांचा विषय.” मी काहीतरी समजावायला लागले. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, “मॅडम, तुळशीची लग्नं झाली की बोलवा. येतो.” मी म्हणाले, “नक्की.”

त्या वर्षी अधिक आश्विन होता, चातुर्मास पाच महिन्यांचा. तुळशीची लग्नं नोव्हेंबरच्या शेवटी झाली. मी फोन केला नाही. तोवर जेमतेम ७१ कार्यालयांनी वर्गणी भरली होती. एप्रिल २०२१ मध्ये तर नियम आला, लग्नाला २५ माणसं आणि दोन तास. मग ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ५,००० च्या वरच्या प्रत्येक आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ओटीपी लागू लागला. आमची रक्कम ७,०८०. दिवाळीतल्या कितीतरी वर्गण्या अडकल्या. प्रत्येक वेळी फोन न करायला माझ्याकडे खरं कारण होतं, आणि प्रत्येक वेळी फोन करता आला असता.

शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये केला. तो इचलकरंजीत एका फायनान्स कंपनीत लागला होता. नीट बोलला, मुलीची चौकशी केली. मग म्हणाला, “इथं पीएफ कापतात, मॅडम. तिकडं नव्हता.”

वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफची सक्ती नसते. मी कायदा मोडला नव्हता, खर्च वाचवला होता. पण चार वर्षं त्याच्या पगारातून न भरलेली ती रक्कम, त्यानं माझ्या शब्दावर सोडलेली पुण्याची नोकरी, हेच माझं भांडवल होतं. त्या गुंतवणुकीचा ना हिस्सा दिला ना कागद केला.

मग ८० लाख घ्यायला हवे होते का? रात्री मी स्वतःला सांगते, कमिशनचा धंदा लॉकडाऊनमध्ये शून्यावर गेला असता, त्यांनी सहा महिन्यांत कंपनीला कुलूप लावलं असतं आणि तिघेही घरी बसले असते. पटतं. पण हे मला नंतर सुचलेलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये साथीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या वेळी मी दोन्ही कानांनी ऐकून घेतलं असतं, अटींवर घासाघीस केली असती, निदान त्या सहकाऱ्याला विचारलं असतं, तर? तीन माणसांच्या कामातला निर्णय मी एकटीनं चार दिवसांत घेतला.

आता ३१२ कार्यालयं आहेत, माणसं चार आहेत. पीएफ २०२२ पासून भरते. गेल्या महिन्यात आणखी एका गुंतवणूकदारांचा फोन आला होता. या वेळी चौघांना एकत्र बसवून सांगितलं. दोघं हो म्हणतात, दोघं नाही. मी अजून काही कळवलेलं नाही.

निळी डायरी टेबलाच्या खणात आहे. तिच्यातल्या सूचना आम्ही सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, प्रत्येक कार्यालयाच्या नावाखाली आता ‘फोन कधी करावा’ असा रकाना आहे. ते वापरू का, असं त्याला मी विचारलेलं नाही.