ग्रंथालयाची वेबसाइट स्वस्तात करताना पैसे नक्की कुठे घालायचे

सार्वजनिक ग्रंथालयाची वेबसाइट करायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कमीत कमी कितीत होईल? प्रश्न रास्तच आहे, ग्रंथालयाकडे पैसा असतो कुठे, आणि असला तर तो पुस्तकांवर जावा असं मलाही मनापासून वाटतं. पण सॉफ्टवेअर तर जवळपास सगळं फुकट मिळतं हो! वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस फुकट, साइट सुरक्षित करणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट, आणि पुस्तकांच्या कॅटलॉगला कोहा आहेच. हे कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांनी करून घेतलं, कारण त्यांची जुनी सिस्टिम २००० साल उजाडलं की चालेल याची खात्री नव्हती, आणि जानेवारी २००० मध्ये ते सुरूही झालं, वर त्यांनी ते सगळ्या जगाला मोकळं करून दिलं. मला याचं फार कौतुक वाटतं.

मग पैसे कुठे घालायचे? कॅटलॉगमधल्या पुस्तकांच्या नोंदी नीट करण्यात. एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत आद्याक्षरांसकट, दुसरीत आडनाव आधी, तिसरीत वेलांटी चुकलेली, असं असलं की वाचकाने नाव टाकून शोधलं तरी अर्धी पुस्तकं दिसतच नाहीत आणि तो बिचारा समजतो की पुस्तक नाहीच. त्यात यादी जुन्या, युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखीच उमटवणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असली तर नव्या साइटवर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हटकून बिघडतात, ते माणसानेच बसून तपासावे लागतात, आणि या कामाचे पैसे द्यायला अजिबात का कू करू नका.

होमपेजवर फिरते फोटो नकोत. वेळ, सुट्ट्या, सभासद कसं व्हायचं, पुस्तक शोधायचा चौकोन, एवढं मोबाइलवर पटकन दिसलं की बास. आणि कृपा करून सुट्टीची नोटीस फोटो काढून चिकटवू नका, दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्या फोटोतलं काही धड वाचता येत नाही, तीच चार वाक्यं टाइप करून टाकली तर सगळ्यांची सोय होते आणि खर्च शून्य.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, ग्रंथालयाच्याच नावावर आणि ग्रंथालयाच्याच ईमेलवर घ्या. डेव्हलपरने स्वतःच्या नावावर घेतलं आणि उद्या तो फोन उचलेनासा झाला तर पत्ताच हातचा जातो. करार करतानाच दोन गोष्टी लिहून घ्या, एक म्हणजे कॅटलॉगचा सगळा डेटा मार्क (ग्रंथालयांमध्ये चालणारी नोंदींची ठरलेली पद्धत) किंवा सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) फाइलमध्ये मागू तेव्हा मिळेल, आणि दुसरं, ग्रंथपालांना स्वतः नोटीस टाकता येईपर्यंत शिकवून देणं त्याच पैशात. दर नोटिशीला वेगळं बिल लावणारा माणूस सुरुवातीला कितीही स्वस्त वाटला तरी त्याला काम देऊ नका.