कलिना, माटुंगा, फोर्ट: मुंबई विद्यापीठ उलट्या क्रमानं

मुंबई विद्यापीठ पाहायला लोक थेट फोर्टला जातात. मी सकाळी कलिना, दुपारी माटुंगा आणि शेवटी फोर्ट असा क्रम ठेवला. फोर्टमधल्या राजाबाई टॉवरचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी ऊन इमारतीच्या मागून येतं आणि दगडावरची नक्षी काळवंडलेली दिसते. चारनंतर तीच उजळते. शिवाय असं गेलं की इतिहासातही मागे मागे जाता येतं.

कलिन्याला कुर्ला पश्चिमेहून सांताक्रूझ पूर्वेकडे जाणारी बेस्टची बस घ्यावी, नाहीतर रिक्षा. सव्वादोनशे एकरांहून मोठा हा परिसर म्हणजेच विद्यानगरी. विभाग एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे कुठल्या इमारतीत जायचं ते आधी ठरवलं नाही तर अर्धा तास चालण्यातच जातो. गुणपत्रिका, पदवी यांची कामं इथल्या महात्मा जोतिराव फुले भवनातल्या परीक्षा विभागात होतात. पत्त्यात फोर्ट वाचून सिंधुदुर्ग, रत्नागिरीहून आलेले लोक आधी तिकडे उतरतात आणि मग उलटा प्रवास करतात. निघण्यापूर्वी संकेतस्थळावर अर्ज पाहावा. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही जवळ ठेवावे.

परीक्षा विभागाला इतकं महत्त्व का, याचं उत्तर या विद्यापीठाच्या जन्मात आहे. १८ जुलै १८५७ रोजी ते स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या. तेव्हा सिंधपासून धारवाडपर्यंतचा मुलूख त्याच्याखाली होता. गांधीजी १८८७ मध्ये मॅट्रिक झाले तेही याच विद्यापीठाचे. पुढे पुणे, गुजरात, कर्नाटक अशी विद्यापीठं वेगळी झाली. गोव्यातली महाविद्यालयं मुक्तीनंतर मुंबईला जोडली गेली होती. गोवा विद्यापीठ आलं १९८५ मध्ये. आता मुंबईपासून पालघर, ठाणे, रायगड आणि थेट सिंधुदुर्गापर्यंतचा पट्टा उरला आहे, आणि तोही लहान नाही. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरलं. लाखो उत्तरपत्रिका, अपुरी पूर्वतयारी आणि प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला कमी वेळ. पंचेचाळीस दिवसांत लागायचे ते निकाल महिनोन् महिने रखडले. प्रवेश हुकलेल्या मुलांचं नुकसान कुणी भरून देऊ शकलं नाही.

संशोधन इथं उशिरा आलं. विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट १९०४ च्या कायद्यानं मोकळी केली, आणि १९१९ मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग निघाला. समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, हे नगररचनाकार. वाढत्या शहरातल्या विद्यापीठानं समाजशास्त्राची सुरुवात नगररचनाकाराच्या हाती द्यावी, ही निवड मला फार समर्पक वाटते. १९२४ मध्ये मालवणचे गो. स. घुर्ये विभागप्रमुख झाले. पुढे समाजाच्या अभ्यासात नाव कमावलेले इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी. तो विभाग आज कलिन्यात आहे. माझ्या मते विद्यापीठाचा खरा वारसा हाच. टॉवर त्याच्या नंतर.

कुर्ल्याहून माटुंग्याला मध्य रेल्वेची धिमी गाडीच पकडायची, जलद गाडी तिथं थांबत नाही. स्टेशनवरून किंग्ज सर्कल ओलांडून रसायन तंत्रज्ञान संस्थेपर्यंत चालत जाता येतं. १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेला विद्यापीठाचाच हा विभाग. जुने लोक अजून ‘यूडीसीटी’ (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणतात. १९४३ पासून तो माटुंग्यात आहे. गिरण्यांच्या शहराला रंग, धागा आणि रासायनिक प्रक्रिया जाणणारी माणसं हवी होती, म्हणून कापड रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकीपासून सुरुवात झाली. रासायनिक अभियंते मनमोहन शर्मा यांनी इथं अध्यापन केलं, शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांची १९६९ ची पीएचडी इथलीच. २००८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि मुंबई विद्यापीठाचं हे सर्वांत कर्तृत्ववान अपत्य कायमचं वेगळं झालं. आत प्रयोगशाळा चालू असतात. ओळख किंवा काम नसेल तर बाहेरूनच पाहावं.

पुन्हा धिमी गाडी, सीएसएमटी, आणि हुतात्मा चौकातून पंधरा-वीस मिनिटं पायी. फोर्टच्या फाटकावर ओळखपत्र विचारतात. टॉवरवर जाता येत नाही, सभागृहही एरवी बंद असतं. म्हणून ओव्हल मैदानात उभं राहायचं. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो, तेव्हा कडेच्या पदपथावरून.

डावीकडे उच्च न्यायालय, मध्ये ग्रंथालय आणि टॉवर, उजवीकडे दीक्षान्त सभागृह. ग्रंथालय, टॉवर आणि सभागृहाचे आराखडे इंग्लिश वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमधून पाठवले. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. पिवळसर दगड मात्र कुर्ल्याचा, सकाळी जिथून बस धरली तिथला. सभागृहाला सर कावसजी जहांगीर यांनी लाख रुपये दिले. त्याच्या गोल खिडकीच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत. ग्रंथालय आणि टॉवरसाठी कापसाच्या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी चार लाख दिले आणि टॉवरला आईचं नाव मागितलं. १८६९ ते १८७८ एवढी वर्षं लागली. उंची सुमारे ८५ मीटर. भिंतींवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत; खालचे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, वरच्यांसाठी दुर्बीण हवी. पगड्या नीट पाहा, कारागिरानं प्रत्येकीचा घाट वेगळा ठेवला आहे.

रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले चार पदवीधर १८६२ चे, म्हणजे यातला एकही दगड बसण्याआधीचे. तोवर विद्यापीठाचा कारभार टाऊन हॉलमधूनच चालत होता. वेळ उरली असेल तर हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत जाऊन त्या टाऊन हॉलच्या पायऱ्याही पाहून घ्याव्यात.