तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधनाचा पेपर छापलेला असताना मुलाखत कशाला?

"पेपर छापून आलाय, ज्याला हवा तो वाचेल. लेखकाला पॉडकास्टवर तासभर बोलतं करून वेगळं काय मिळतं?" हे इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकतो.

पेपरात न मावलेलं मिळतं. पद्धतीच्या भागात एक ओळ असते, 'काही नमुने वगळले'. का वगळले, आकडे बघायच्या आधी ठरवलं की नंतर, हे बोलण्याच्या ओघात बाहेर येतं. त्यासाठी गोषवाऱ्याआधी पेपरासोबत दिलेली जादा माहितीची पुरवणी वाचावी. अडचणीचे तक्ते तिथे ढकललेले असतात. "या शोधाचं महत्त्व काय?" हे विचारूच नये, उत्तर पाठ असतं. आकृती उघडून विचारावं, "उभा अक्ष शून्यापासून का नाही?" आणि बोलवावं पहिल्या लेखकाला. बऱ्याच विषयांत शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. हात काळे झालेले असतात पहिल्याचे.

हे छातीठोक सांगायचो खरं. पण २०१५ चं प्रकरण आडवं येतं.

डिसेंबर २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक पेपर आला. समलिंगी कार्यकर्त्याने दारात येऊन वीसेक मिनिटं गप्पा मारल्या, तर समलिंगी विवाहाबद्दलचं मतदाराचं मत बदलतं आणि महिनोन्महिने बदललेलं राहतं, असा दावा होता. एप्रिलमध्ये 'धिस अमेरिकन लाइफ' या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमाने त्यावर भाग केला, दारातली संभाषणं ऐकवली. ती संभाषणं खरी होती! गोंधळ होता मत बदललं का हे मोजणाऱ्या पाहणीत, आणि पाहणीला आवाज नसतो. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे संशोधक तसाच प्रयोग करायला गेले, तर त्यांच्या पाहणीला प्रतिसाद फारच कमी मिळाला! ज्या कंपनीचं नाव पाहणीशी जोडलं होतं तिला विचारलं, तिला असं काम माहीतच नव्हतं. पहिल्या लेखकाला मूळ माहिती देता आली नाही. सहलेखक डोनाल्ड ग्रीन यांनी ती कधी पाहिलेलीच नव्हती. पेपर मागे घ्या, असं त्यांनीच कळवलं. २८ मे रोजी तो मागे घेतला गेला.

म्हणजे पहिल्या लेखकाला बोलवा, हा माझा सल्ला इथे पुरता तोंडघशी पडला. आता दोन प्रश्न आधी विचारावेत, असं म्हणतो: कच्ची माहिती तुमच्याखेरीज कुणी उघडून पाहिली? शंभरातल्या किती जणांनी उत्तर दिलं? खोटं बोलणारा याही प्रश्नांना उत्तरं देईल, हे कबूल. पण ती उत्तरं ध्वनिमुद्रित राहतात, पडताळता येतात.

गंमत पुढे आहे. २०१६ मध्ये त्याच ब्रूकमन-काला जोडीचं मायामीतलं, ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहावरचं काम छापून आलं. दहाएक मिनिटांच्या संभाषणाचा परिणाम किमान तीन महिने टिकला. मग तो जुना भाग ऐकणारा फसला का? अर्धा फसला, असं म्हणावं तर कुठला अर्धा?

पेपरावर निदान 'मागे घेतला' असा शिक्का बसतो. जुन्या भागाच्या सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची सूचना जोडता येते, जोडावीच. फक्त कुणी आधीच उतरवून घेतलेल्या प्रतीत ती पोहोचत नाही.