एका संध्याकाळपुरता ढ वर्ज्य

लग्नातले एलईडी पडदे, गणपतीतले प्रोजेक्टर, ग्रामसभेचे माईक, असं सगळं भाड्याने देण्याचा माझा कऱ्हाडात धंदा आहे. गेल्या वर्षी पाटणच्या बाजूच्या एका निवासी कर्णबधिर शाळेतून प्रोजेक्टरसाठी फोन आला. साऊंड लागणार का हे विचारावं की नको, या विचारात मी होतो, तर मुख्याध्यापिका बाई स्वतःच म्हणाल्या, "स्पीकर मोठे आणा. बास चांगला लागला पाहिजे. आमची मुलं जमिनीतून ऐकतात."

चित्रपट तासाभराचा होता. मेंढपाळांचं एक कुटुंब पावसाळा संपल्यावर कळप घेऊन कोकणाकडे उतरतं, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक आमच्याच भागातला तरुण पोरगा. चित्रपट मराठी, मुलंही मराठी वाचणारी, म्हणून त्याने संवाद मराठीतच सबटायटल करून आणले होते. सबटायटल नीट दिसली नाहीत तर तिथे कार्यक्रमच होणार नव्हता. एरवी सबटायटल गेली तर लोक पाच मिनिटं कुरकुरतात आणि मग आवाजावर भागवतात.

संगणक शाळेचा वापरायचा असं ठरलं होतं, कारण माझा लॅपटॉप त्या दिवशी एका लग्नावर गेला होता. तो संगणक ऑफिसातला, भाऊसाहेब ज्यावर प्रश्नपत्रिका टाइप करतात तो. विंडोज 7, त्यावर व्हीएलसी प्लेअरची फार जुनी आवृत्ती, आणि काही नवीन टाकायचं तर पासवर्ड त्या संगणक देणाऱ्या दुकानदाराकडे. तो फोन उचलत नव्हता. मोबाइलला रेंज फक्त फाटकाजवळ, तीही बोलण्यापुरती.

दुपारी चित्रपट लावून पाहिला. चित्र झकास, अक्षरं नाहीत.

हे मला सवयीचं आहे. सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल असते. अनुक्रमांक, मग कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत, मग वाक्य, मग एक रिकामी ओळ. चित्रपटाच्या फाइलशी तिचं नातं फक्त नावाचं. दोन्हींचं नाव एकच आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असतील तर प्लेअर तिला आपोआप उचलतो. इथे चित्रपटाच्या नावात 'फायनल' होतं, सबटायटलच्या नावात नव्हतं. शिवाय नोटपॅडने एसआरटीच्या पुढे गुपचूप टीएक्सटी जोडलं होतं आणि विंडोज ते शेपूट लपवत होती. नाव सुधारलं, झालं.

मग जे दिसलं त्याने दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टक्क्याची खूण, आडव्या रेघा, टोप्या घातलेली युरोपातली अक्षरं. "दादा, माझ्याकडे नीट दिसत होतं हो," तो म्हणाला. दिसत असणारच. त्याने टायपिंग एका डीटीपीवाल्या मित्राकडून करून घेतलं होतं, आणि पाहिलं होतं ते त्या मित्राच्याच संगणकावर, नोटपॅडमध्ये.

पत्रिका, अहवाल, निवडणुकीची पत्रकं छापणाऱ्यांकडे अजूनही जे जुने मराठी फॉन्ट चालतात, त्यांची गंमत अशी की त्यात मराठी अशी काही साठवलेलीच नसते. फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवतो. कागदावर छापून हातात दिलं की कोणाला काही कळत नाही. पण एसआरटी फाइल फॉन्ट सोबत नेत नाही. नुसती अक्षरं नेते, आणि दुसऱ्या संगणकावरचा प्लेअर आपल्या फॉन्टने ती आयत्या वेळी काढतो. त्यामुळे अशा फाइलीचा मुखवटा तिथल्या तिथे गळून पडतो.

अशा फाइली मला नेहमी येतात. सत्काराच्या याद्या, नवरानवरीची नावं, सगळं जुन्या फॉन्टात, आणि एलईडीवर चालवायचं युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे खरी मराठी अक्षरंच साठवलेली असतात. म्हणून माझ्या पेनड्राइव्हवर एक पान कायम असतं. ब्राउझरमध्ये उघडायचं, वरच्या चौकटीत जुना मजकूर टाकायचा, खालच्या चौकटीत युनिकोड मिळतो. इंटरनेट लागत नाही. सगळी फाइल त्यातून काढली, रफार आणि 'श्र' जिथे गडबडले होते ते हाताने सुधारले आणि यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत जतन केली. जुन्या नोटपॅडमध्ये हे जतन करताना मुद्दाम निवडावं लागतं. विंडोज 10च्या 2019मधल्या अपडेटपासून ते आपोआप झालं. न निवडता एएनएसआय ही जुनी पद्धत ठेवली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात. त्या प्रश्नचिन्हांतून मूळ मजकूर कोणालाच परत काढता येत नाही.

पुन्हा लावलं. आता देवनागरी दिसत होती, पण तिच्या अंगात काहीतरी शिरल्यासारखी. 'हिवाळा'मधली वेलांटी 'ह'च्या पुढे जाऊन उभी. 'रस्ता'मध्ये 'स'चा पाय मोडलेला आणि 'ता' वेगळा. 'र्‍या' कुठेच धड नाही.

दिग्दर्शक म्हणाला, "वाचता येतंय की. चालेल."

बाई मागे येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतंय, कारण तुम्हाला तो शब्द आधीच ऐकून माहीत आहे. अर्धं वाचता आणि बाकीचं कानाने पुरं करता. आमच्या मुलांना 'हिवाळा' पुस्तकात जसा छापलाय तसाच माहीत आहे. वेलांटी पुढे गेली की त्यांच्यासाठी तो शब्दच राहत नाही. हे मी त्यांना दाखवणार नाही."

इतक्या वर्षांच्या धंद्यात सबटायटलबद्दल इतकं नेमकं कोणी मला बोललं नव्हतं.

गडबड प्लेअरची होती. युनिकोडमध्ये 'हि' हे आधी ह आणि मग वेलांटी असं साठवलेलं असतं. ती उचलून ह्रस्व वेलांटी डावीकडे ठेवायची, स आणि त जोडायचे, रफार वर चढवायचा, हे काम अक्षर काढणाऱ्या प्रोग्रामने करायचं असतं. आताच्या प्लेअरमध्ये त्यासाठी हार्फबझ नावाची यंत्रणा असते. या जुन्या आवृत्तीत तसलं काही नव्हतं. जो क्रम फाइलीत तोच पडद्यावर. नवा प्लेअर पेनड्राइव्हवर असता तर प्रश्नच नव्हता, पण प्लेअर पेनड्राइव्हवर कोण ठेवतो? तो सगळीकडे असतोच. फाटकाजवळ मोबाइल धरून डाउनलोड करून पाहिलं. ती पट्टी जागची हलेना.

चहा आला. भाऊसाहेब शेजारच्या खुर्चीवर बसून दुसऱ्या दिवशीची कसली तरी सूचना टाइप करून घेण्याची वाट बघत होते. त्यांचा संगणक आम्ही अडवून ठेवला होता. म्हणाले, "पाच मिनिटं देता का, तेवढं काढून घेतो." मी उठलो. त्यांनी वर्ड उघडलं आणि टाइप करायला लागले. आधी वेलांटी, मग ह.

मी तिथेच थांबलो. जुन्या फॉन्टात हाच तर क्रम असतो. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी टाइप करायची. अर्धा स ही एक स्वतंत्र कळ, पूर्ण स वेगळी. रफार वेगळा. म्हणजे जोडाजोडीचं सगळं काम टाइप करणाऱ्याने आधीच केलेलं असतं. प्लेअरला अक्कल असायची गरजच नाही. एकापुढे एक चित्रं मांडत गेला की झालं. आणि प्रश्नपत्रिकांचा तो फॉन्ट, डीटीपीवाल्या मित्राच्याच घराण्यातला, या संगणकावर होता!

भाऊसाहेबांची सूचना छापून झाल्यावर मी युनिकोडची फाइल बाजूला ठेवली आणि मूळ फाइल परत आणली. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये सबटायटलचा फॉन्ट म्हणून तो जुना फॉन्ट निवडला, एन्कोडिंग, म्हणजे फाइलीतली अक्षरं वाचण्याची पद्धत, विंडोज-1252 ही जुनी इंग्रजी-युरोपीय ठेवली, प्लेअर बंद करून उघडला. पडद्यावर स्वच्छ, बांधीव, छापील मराठी. जुन्या प्लेअरला जुना फॉन्ट असा चपखल बसला की दिग्दर्शकाने मला मिठी मारायचंच बाकी ठेवलं. युनिकोडचा मी पक्का पुरस्कर्ता आहे, तरी त्या क्षणी गप्प बसलो.

पाचव्या मिनिटाला पहिलं भगदाड दिसलं. म्हातारा नातवाला काहीतरी सांगतो आणि खाली फक्त अर्धं वाक्य. पुढच्या एका ओळीत नुसतं "आपली में". फाइल उघडून पाहिली. त्या फॉन्टात 'ढ' हा कोनी कंसाच्या (<) जागी बसवलेला. आणि एसआरटीमध्ये कोनी कंस आला की प्लेअरला वाटतं, आता तिरपं किंवा ठळक करण्याची खूण येणार. तो कंस मिटण्याची वाट बघत पुढचं सगळं गिळतो. म्हणजे ढ आला की वाक्य संपलं.

मेंढपाळांच्या चित्रपटात ढ! मेंढरू, मेंढ्या, ओढा, पुढे, चढ, ढग. दिग्दर्शक आणि मी शाळेच्या कट्ट्यावर बसून ढ शोधत गेलो. 'पुढे हो' चं 'समोर हो' केलं. 'ओढा' चा 'नाला' झाला. 'ढग आलेत' ऐवजी 'आभाळ आलंय', आणि ते मूळ वाक्यापेक्षा बरं झालं असं माझं अजूनही मत आहे. मेंढरांचं काय करायचं? दिग्दर्शक म्हणाला, मेंढपाळ स्वतः त्यांना 'बकरी'च म्हणतात, तेच लिहू. बाईंनी मान हलवली. "चित्रात मेंढरू आणि खाली बकरी, मुलं मला सोडणार नाहीत." शेवटी 'कळप' आणि 'जनावरं' यांवर भागवलं.

हे होईपर्यंत उन्हं उतरली होती. एकदा सलग पाहून घेऊ म्हणून लावलं आणि लक्षात आलं की अक्षरं हळूहळू चित्राच्या पुढे पळतायत. सुरुवातीला जेमतेम कळत होतं. विसाव्या मिनिटाला म्हातारा तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी त्याचं वाक्य येऊन गेलेलं. असा वाढत जाणारा फरक दिसला की मी फ्रेमचा हिशेब विचारतो. सबटायटलच्या वेळा टीव्हीसाठीच्या प्रतीवरून घेतल्या होत्या, ती सेकंदाला 25 फ्रेमची, बरोबर 60 मिनिटांची. पेनड्राइव्हवर आणलेली प्रत थिएटरसाठीची, सेकंदाला 24 फ्रेमची. तेवढ्याच फ्रेम हळू चालल्या की 60 मिनिटांची साडेबासष्ट होतात. शेवटाला अडीच मिनिटांचा फरक.

याला उपाय सोपा. सबटायटल एडिट नावाचा फुकट प्रोग्राम माझ्या पेनड्राइव्हवर असतो. त्यात फ्रेमरेट 25 वरून 24 करायचा, की सगळ्या वेळा एका झटक्यात ताणल्या जातात. फक्त जतन करताना एन्कोडिंग परत विंडोज-1252 आहे ना, ते बघावं लागतं. नाहीतर जुन्या फॉन्टाची सगळी मेहनत वाया.

आता मला आणि दिग्दर्शकाला सगळं बरोबर वाटत होतं. दारात दहावीतला एक मुलगा खुर्च्या लावता लावता थांबून पडद्याकडे बघत होता. त्याने बाईंना काहीतरी खुणा केल्या. बाई म्हणाल्या, "तो म्हणतोय, अक्षर आधी येतं, तोंड नंतर उघडतं."

आम्ही पुन्हा पाहिलं. दोघांनाही काही दिसेना. मुलगा हसला. त्याने पडद्याजवळ जाऊन म्हाताऱ्याच्या ओठांवर बोट ठेवलं, मग खालच्या अक्षरांवर. मी व्हीएलसीमधली एच कळ दाबत गेलो. एकदा दाबली की सबटायटल 50 मिलिसेकंद उशिरा येतं. जी दाबली की तेवढंच लवकर येतं. तो ओठांकडे बघत राहिला आणि एका ठिकाणी त्याने हात वर केला. अर्ध्या सेकंदाच्या आसपास फरक होता. थिएटरच्या प्रतीच्या सुरुवातीला काळ्या पडद्याचा एक बारीक तुकडा जास्तीचा होता, हे दिग्दर्शकाला नंतर आठवलं. आम्ही दोघं आवाजाशी ताडून बघत होतो आणि आवाजाला कान बरीच सूट देतो. तो ओठांशी ताडत होता.

तेवढा फरक मी फाइलीतच कायमचा घालून टाकला.

शेवटची दुरुस्ती बाईंची. एका प्रसंगात रात्री पालाबाहेर कुत्रा भुंकतो आणि सगळे दचकून उठतात. बाईंनी विचारलं, "हे का उठले ते मुलांना कसं कळणार?" संवाद नव्हता, म्हणून सबटायटलही नव्हतं. दिग्दर्शकाने चौकटी कंसात आवाज लिहायला सुरुवात केली: कुत्रा भुंकतो, लांबून शिट्टी, पाऊस. भाऊसाहेबांनी ते जुन्या फॉन्टात टाइप करून दिलं. कोण बोलतंय ते दिसत नसेल तिथे त्याचं नावही घातलं. ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या सबटायटलमध्ये हे सगळं असायचंच असतं, असं बाईंनी सांगितलं. 2016चा दिव्यांग हक्क कायदा आहे, 2024च्या मार्चमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. "पण आमच्या तालुक्याला थिएटरच कुठं आहे," असं म्हणून त्या मुलांना बसवायला गेल्या.

चित्रपट साडेसातला सुरू झाला. बारकी मुलं स्पीकरला पाठ लावून बसली होती. मोठी मुलं मागे, आणि पडद्याकडे बघता बघता एकमेकांशी हातांनी अखंड गप्पा. वाक्य येऊन गेलं की दोन सेकंदांनी हात हलायचे. इतका बोलका प्रेक्षक मी कुठल्याच कार्यक्रमात पाहिलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मी युनिकोडची फाइल नीट केली, ढ सगळे जागच्या जागी परत घातले आणि एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामने अक्षरं चित्रातच भाजून एक प्रत तयार केली. तिला ना फॉन्ट लागतो, ना नवा प्लेअर. चित्र दिसलं की अक्षरं दिसणारच. बंद मात्र करता येत नाहीत आणि चूक राहिली तर पूर्ण प्रत पुन्हा काढावी लागते. म्हणून आधी बाईंना दाखवली. दोन दिवसांनी त्यांची दुरुस्त्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यातली पहिली: कुत्रा भुंकतो एवढंच लिहू नका, कोणत्या बाजूने भुंकतो तेही लिहा, कारण सगळे डावीकडे का बघतायत हे मुलांनी विचारलं होतं.