तयार कॅम्पर विकत का नाही घेतला?

सांगलीला गेलं की हा प्रश्न ठरलेलाच. पिकअपच्या हौद्यावर बसवलेल्या आमच्या राहायच्या खोलीचे, म्हणजे कॅम्परचे, फोटो फोनवर फिरतात आणि कुणीतरी म्हणतंच, "दोघंही कमावता, मग हे सुतारकाम कशाला? तयार नाही का मिळत तिकडे?" मिळतात की. अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या आसपास अशा दुकानांना तोटा नाही. काहींना वाटतं आम्ही पैसे वाचवले, काहींना वाटतं मला हौस. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, खरं उत्तर फार रुक्ष आहे: वजन.

इथल्या गाड्यांना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर भरू नका, असं त्यावर छापलेलं असतं. आमच्या पिकअपचा आकडा 1,480 पौंड, म्हणजे सुमारे 670 किलो. त्यातून आम्ही दोघं वजा करा. पाणी वजा करा. एक गॅलन पाणी 8.3 पौंडांचं, त्यामुळे वाळवंटात जाताना 15 गॅलन घेतलं की सव्वाशे पौंड तिथेच गेले. मग बॅटरी, गॅस, अंथरूण-पांघरूण, डबे, जादाचं चाक. उरलं त्यात खोली बसवायची. कडक भिंतींचे बहुतेक तयार कॅम्पर रिकामेच हजार पौंडांच्या वर असतात. दुकानातला विक्रेता म्हणाला, "ही गाडी सहज ओढेल." ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ओझं मागच्या स्प्रिंगांवर, टायरांवर आणि उतारावर ब्रेकवर पडतं. इंजिनाच्या ताकदीने त्यातलं काही सुटत नाही. उसाच्या गाड्या काट्यावर चढताना बघत मोठी झालेय मी, वजनाच्या बाबतीत मला कुणी गोड बोलून पटवू शकत नाही.

तेव्हा हलकं करायचं तर स्वतः करायचं. भिंती दीड इंची फोमच्या, घराच्या इन्सुलेशनसाठी मिळतात त्या तक्त्यांच्या. लाकूड फक्त दाराच्या चौकटीला, कोपऱ्यांना आणि तळाला. मोठ्या पिकअपमध्ये चाकांच्या उंचवट्यांमधली जागा चार फुटांहून जरा जास्त असते, म्हणून चार फुटी प्लायवूड न कापता सपाट बसतं. फोमवर रंगारी जमिनीवर अंथरतात तो जाडा कॅनव्हास, धुऊन आटवलेला, पाण्याने न सुटणाऱ्या सुतारी गोंदाने चिकटवायचा आणि वरून घराबाहेरच्या भिंतीचा रंग. वाळल्यावर टणक कवच होतं. इथले हौशी लोक अशा कॅम्परला 'फोमी' म्हणतात. आमचा 430 पौंडांत बसला. हौद्याच्या चार कोपऱ्यांना टर्नबकलने (फिरवून ताणायच्या आकड्यांनी) आवळून घेतला, मग सगळं सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी नेली. पावती अजून डॅशबोर्डात आहे.

यात एक गोष्ट मात्र वजनापलीकडची. आमच्या घरात हत्यारं म्हणजे एक पक्कड आणि एक स्क्रू ड्रायव्हर. खिळा ठोकायचा तरी माणूस बोलवायचा. करवत धरायला मी चाळिशीत शिकले आणि मला ते फार आवडलं. पण हे आत्याला सांगितलं तर ती म्हणेल, "म्हणजे हौसच ना!"

रात्रीची भीती वाटते का, हेही विचारतात. माणसांची नाही, ओलीची वाटते. दोन माणसं झोपली की श्वासाची वाफ थंड छतावर धरते आणि पहाटे थेंब नाकावर. म्हणून बाहेर कितीही गारठा असला तरी छताची झडप आणि एक खिडकी बोटभर उघडी. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहेच. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा अलार्म खाली, जमिनीजवळ. ब्युटेनची शेगडी शून्याच्या आसपास मान टाकते, तेव्हा हिवाळ्यात प्रोपेनच. आणि फोडणी बाहेर, हौद्याच्या फळीवर. आत एकदा मोहरी तडतडली की उशांना आठवडाभर वास.

एवढा खटाटोप कशासाठी, तर युटातल्या सॅन राफाएल स्वेल या ओसाड, खडकाळ प्रदेशासारख्या जागांसाठी. तिथून जाणाऱ्या आय-70 हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलायना शंभराहून जास्त मैल पेट्रोल पंपच नाही, हॉटेल कुठलं. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या बऱ्याच जमिनीवर साधारण 14 दिवस फुकट मुक्काम करता येतो. सोय मात्र शून्य. युटातल्याच मोॲब गावाच्या भागात तर उघड्या जमिनीवर राहायचं तर स्वतःचा संडास बरोबर हवा, असा नियमच आहे. नवऱ्याचा या प्रकाराला अजूनही विरोध आहे, पण संडासाची पिशवी तोच आणतो.

आता सांगलीतल्या भाच्याला बोलेरो पिकअपवर हेच करायचंय. तिथलं गणित निराळं. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली, आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. नुसता ठेवलेला, काढता येणारा डबा त्यात येतो का, हे आरटीओत जाऊन लेखी विचार, असं मी त्याला सांगितलंय. "हो मावशी" म्हणाला. अजून गेलेला नाही, फोमचे तक्ते मात्र आणून ठेवलेत.