नऊ महिन्यांच्या लेकीसह रामटेक: आधी कॅरियर, मग पिशवी

गेल्या डिसेंबरातील एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता आम्ही नागपूरहून रामटेककडे निघालो, तेव्हा माझी मुलगी नऊ महिन्यांची आणि साडेआठ किलोंची होती. सोबत शाळेपासूनचा एक मित्र त्याच्या चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन आला होता. लग्नापूर्वी आम्ही दोघे दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या टेकडीवर जात असू. बाप झाल्यावरही ते सुरू ठेवता येते का, हे पाहण्यासाठीच हा बेत आखला होता. माझ्याकडे मुलाला छातीशी धरणारे मऊ कापडी कॅरियर होते, तर मित्राकडे पाठीवर घेण्याचे धातूच्या चौकटीचे. दोन्ही प्रकार एकाच दिवशी, एकाच वाटेवर वापरले गेल्यामुळे जे कळले, ते सविस्तर लिहीत आहे.

सर्वात आधी माझी चूक सांगतो. बहुतेक नव्या बापांप्रमाणे मीही पिशवीपासून सुरुवात केली होती. बारशाला भेट म्हणून एका खांद्यावर अडकवण्याची, अठरा कप्प्यांची, फार देखणी डायपर बॅग मिळाली होती, आणि ती आहे म्हणून कॅरियर कोणतेही चालेल असे मी गृहीत धरले. सीताबर्डीतल्या एका दुकानातून स्वस्तातले कॅरियर आणून सेमिनरी हिल्सला पहिली फेरी मारली, तेव्हा दहा मिनिटांत पिशवी खांद्यावरून घसरून बाळाच्या डोक्यावर आदळू लागली. एक हात पिशवीत आणि दुसरा बाळाच्या मानेखाली अशी माझी कसरत पाहून फिरायला आलेल्या एका आजीबाई थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘बापू, लेकराचे पाय लोंबकळून राहिले ना! मांडीखाली कापड नाही काही.’’ दुकानदाराने जे सांगितले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आजीबाईंचे निरीक्षण अचूक होते. स्वस्त कॅरियरची बैठक बहुधा अरुंद पट्टीसारखी असते आणि बाळ तिच्यावर जांघेच्या आधाराने लटकते. बाळाच्या मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार मिळाला पाहिजे, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर आले पाहिजेत आणि पाय बेडकासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले राहिले पाहिजेत. खुब्याच्या सांध्याची वाढ होत असताना, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, हीच स्थिती योग्य मानली जाते. आपल्याकडे मूल कडेवर घेतले जाते तेव्हा त्याचे पाय आपोआप याच स्थितीत येतात, त्यामुळे दुकानात कॅरियर तपासताना ‘यात बाळ कडेवर बसल्यासारखे बसते का’ एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला तरी निम्म्याहून अधिक माल बाद होतो. उरलेल्यांत बाळाचा चेहरा सतत दिसतो का, मान वाकवली तर त्याच्या कपाळाचा पापा घेता येतो का, आणि त्याची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडत तर नाही ना, हे पाहावे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटे मावलीच पाहिजेत. लहान बाळाच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

बापासाठी आणखी एक कसोटी आहे. कमरेचा पट्टा रुंद आणि भरीव असावा, आणि तो पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडांवर बसावा. तो नीट बसला की साडेआठ किलोंतला बराचसा भार पायांकडे जातो आणि खांदे केवळ तोल सांभाळतात. माझी पत्नी माझ्यापेक्षा बरीच ठेंगणी आहे, म्हणून दोघांना मिनिटभरात पट्टे लहानमोठे करता येतील असेच दुसरे कॅरियर घेतले, आणि या वेळी दुकानात मुलीला प्रत्यक्ष बसवून, अर्धा तास फिरून मगच पैसे दिले.

आता प्रवासाकडे वळतो. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर या मार्गाने रामटेक सुमारे पन्नास किलोमीटर आहे. मोटारीत बाळ कॅरियरमध्ये ठेवू नये, कारण धडक बसल्यास कॅरियर काहीच उपयोगाचे नाही. मागच्या आसनावर, मागे तोंड केलेल्या बाळाच्या खुर्चीतच त्याला बसवावे. हीच गोष्ट दुचाकीची. कॅरियरमध्ये बाळ छातीशी बांधून स्कूटर हाकणारे बाप नागपुरात रोज दिसतात, म्हणून लिहितो: फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार चार वर्षांखालील मुलासाठी दुचाकीवर वेगळा सुरक्षा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट लागते आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. फिरण्याचे कॅरियर म्हणजे तो सुरक्षा पट्टा नव्हे.

मनसरला चहासाठी थांबलो. मी सवयीने बाळाला कॅरियरमध्ये घेऊनच कप उचलला आणि पत्नीने तो तत्काळ काढून घेतला. बाळ छातीशी असताना गरम काहीही पिऊ नये. चहा आळीपाळीने घ्यावा.

रामटेकला माझी पत्नी आणि मित्राची पत्नी गाडीरस्त्याने थेट टेकडीवरच्या गडावर गेल्या आणि आम्ही दोघे अंबाळा तलावाच्या बाजूने दगडी पायऱ्यांनी चढलो. एक गाडी वर असणे हा या बेतातला सर्वात शहाणपणाचा भाग ठरला, कारण बाळाने रडून आकांत मांडला तर अर्ध्या वाटेवरून परतण्याऐवजी वर पोहोचून सुटका होते. चढताना माझे कॅरियर उत्तम चालले. मुलगी पाव वाटेतच झोपी गेली. अडचण एकच होती, ती म्हणजे स्वतःची पावले दिसत नव्हती. झिजलेल्या पायऱ्यांवर छातीशी बाळ असेल तर समोरची पायरी पोटाआड जाते, त्यामुळे बाजूने पाहत, एक हात मोकळा ठेवून, सावकाश चढावे लागते. उतरताना तर मी पायऱ्यांचा विचारही केला नाही आणि सरळ गाडीने खाली आलो.

मित्राला पावले स्वच्छ दिसत होती, पण त्याचे ओझे वेगळे होते. चौकटीचे वजन सुमारे तीन किलो, मूल साडेदहा किलोंचे, वर पाणी आणि कपडे, म्हणजे पाठीवर पंधरा किलो. अशा कॅरियरवर लिहिलेली वजनाची मर्यादा कित्येकदा मूल, सामान आणि चौकट मिळून असते, हे विकत घेतानाच वाचून घ्यावे. मूल आधाराशिवाय नीट बसू लागल्याखेरीज चौकटीत ठेवायचे नसते, आणि ते साधारण सहा महिन्यांनंतरच शक्य होते. मुलाचे किमान वजनही सूचनापत्रात दिलेले असते. चौकटीतल्या मुलाचे डोके बापाच्या डोक्यापेक्षा उंच जाते, ही गोष्ट मित्र वराहाच्या भव्य मूर्तीपुढे विसरला नाही, पण गडाच्या एका दरवाजाशी विसरला. मुलाची टोपी कमानीला घासली, इतकेच झाले. तेव्हापासून प्रत्येक कमानीशी मी मागून ‘वाक’ असे ओरडत होतो. वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, नाहीतर मूल पुढे कलते. लक्ष्मणाच्या आणि पुढे रामाच्या देवळात जाताना त्याने चौकट बाहेर पत्नीजवळ ठेवली आणि मुलाला कडेवर घेतले, तेच बरे. चौकटीला उभे राहण्यासाठी टेकू असतो, पण मुलाला तीत बसवून पायरीवर किंवा ओट्यावर एक क्षणही एकटे सोडू नये.

याच चढणीवर पिशवीचा प्रश्न आपोआप सुटला. बाळ छातीशी असेल तर पाठ मोकळी राहते आणि पाठीवरची साधी वीस-बावीस लिटरची ट्रेकिंगची पिशवी पुरते. बाळ पाठीवर असेल तर पाठीची पिशवी अशक्य होते, चौकटीच्या तळाच्या कप्प्यात दोन डायपर आणि पाण्याची बाटली मावते, आणि उरलेले सामान दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जाते. एकट्या बापाने निघायचे असेल तर मी निःसंशय छातीचे कॅरियर आणि पाठीची पिशवी सुचवेन. पिशवीचे पट्टे मात्र अरुंद असावेत, कारण कॅरियरच्या जाड पट्ट्यांवर दुसरे जाड पट्टे बसत नाहीत. आधी कॅरियर, मग बाळ, शेवटी पिशवी असा क्रम ठेवावा. उतरवताना नेमका उलटा.

अठरा कप्प्यांचा मोह टाळावा. रडणाऱ्या बाळासमोर कोणता कप्पा कशाचा हे आठवत नाही. मी मोठ्या पिशवीत एक लहान बटवा ठेवतो आणि त्यात एका वेळेचेच सामान असते: एक डायपर, ओल्या पुसण्यांचे छोटे पाकीट, पसरायची घडीची चटई आणि एक रिकामी पिशवी. बदलायची वेळ आली की फक्त बटवा काढायचा. पुरुषांच्या स्वच्छतागृहात बाळाला झोपवायला जागा मिळेल अशी आशा मी केव्हाच सोडली आहे. गाडीची डिक्की उघडून तीत चटई अंथरणे हा सर्वोत्तम उपाय आहे. डायपर किती घ्यावेत, तर घराबाहेरच्या दर अडीच तासांना एक आणि वर दोन. बाळाचे दोन जोड घेतातच सगळे, पण स्वतःसाठीही एक सदरा घ्यावा. तो मला त्या दिवशी अकरा वाजता लागला.

वापरलेले डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, अस्तर असलेल्या चेनच्या पिशवीत घालून नागपूरला परत आणले. ते गुंडाळून टाकण्यासाठी छोट्या पिशव्या पुरवण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली होती, पण आमच्या डायपरच्या पाकिटातून आजवर एकही निघालेली नाही.

गडावर सर्वात मोठा धोका वानरांचा. पिशवीच्या बाजूच्या जाळीदार खिशात केळे ठेवण्याचा मूर्खपणा मी केला आणि एका वानराने मागून येऊन केळ्यासकट बाळाचे लाळेरेही ओढून नेले. मला केवळ हिसका जाणवला. छातीशी बाळ असताना वळून हाकलताही येत नाही आणि पळताही येत नाही. म्हणून उघडे खिसे रिकामे असावेत, खाऊ चेनच्या आत असावा, आणि बाळाला भरवायचे ते गाडीत बसून, काचा वर करून भरवावे. मऊ खिचडी आम्ही रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये नेली होती. वरचे दूध देणाऱ्यांनी पूड आणि गरम पाणी वेगवेगळे न्यावे आणि कालवलेले दूध दोन तासांपलीकडे ठेवू नये.

परतताना खिंडसी तलावावर थांबलो. नौकाविहार टाळला, कारण बाळाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट नव्हते, आणि बाळ अंगाला बांधलेले असताना नावेत बसणे हे त्याहून वाईट.

कपड्यांविषयी थोडे. डिसेंबरात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी ऊन बोचते. त्यातच छातीशी असलेल्या बाळाला बापाच्या अंगाची ऊब मिळते. म्हणून कॅरियरमध्ये त्याला एक थर कमी घालावा, मानेमागे हात लावून घाम पाहावा, आणि पाय मात्र मोज्यांत झाकावेत, कारण ते बाहेर लोंबत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हाच यासाठीचा काळ. एप्रिलपासून पारा चाळिशीच्या वर जाऊ लागला की सूर्योदयानंतर तासाभरात नागपुरातल्याच अंबाझरी तलावावरूनही घरी परतावे.

घरी आल्यावर पिशवी रिकामी करून पाहिली. तिसरे दुपटे, खेळण्यांची पिशवी, पावडरचा डबा आणि दुसरी बाटली यांना कोणी हातही लावला नव्हता. पुढच्या महिन्यात पेंचच्या जंगलाजवळच्या सिल्लारीला जायचे आहे. तेव्हा मी मित्राची चौकट दोन तासांसाठी मागून घेणार आहे, आणि या चार वस्तू घरीच राहतील.